भवानीचा फुगा

आमच्या घराच्या मधल्या भिंतीवर, देवळीच्या जरा खाली, निळ्या पाण्याचा एक ओघळ वाळून राहिला आहे. पोळ्याआधी घराला चुना दिला तेव्हा मायनं तेवढा तुकडा सोडला. चुना देणाऱ्यानं विचारलं, "मावशे, हे काहून ठेवलं?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरीच्या अभ्यासाचं हाय." त्याला काय कळलं असेल कोण जाणे. तो पुढच्या भिंतीकडे गेला.

तो डाग कसा पडला हे सांगायचं तर अण्णांपासून सांगावं लागेल. अण्णा म्हणजे माझे वडील. ते फुगे विकायचे. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर सोमवारी, श्रावणात रोज, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत यात्रा उठेपर्यंत. एरवी आठवडी बाजार. बांबूच्या काठीला आडव्या काड्या, त्यांवर फुगे, खाली पिशवीत पिपाण्या आणि भिंगऱ्या. अण्णा फुगवायचे आणि माय दोरा बांधायची. मायनं स्वतः कधी फुगा तोंडाला लावला नाही. तो तिचा भाग नव्हता.

पुढे पंप आला. पण दिवसाच्या पहिल्या विक्रीला, म्हणजे भवानीला, अण्णांनी कधीच पंपाचा फुगा दिला नाही. भवानीचा फुगा तोंडानंच फुगवायचा हा त्यांचा नेम. "पंपात नुसती हवा आसती," ते म्हणायचे. "पहिल्या गिऱ्हाइकाला दम द्यावा लागतो." बाजूचा बांगड्यावाला त्यांना चिडवायचा, "मंग आमाला बी द्या की थोडा दम, सकाळपासून बसून राहिलो." अण्णा त्याच्याकडे बघून गाल फुगवायचे आणि रस्त्यावरची लेकरं हसायची.

त्यांची फुगवायची एक रीत होती. आधी रबर दोन्ही हातांनी चांगलं ताणून घ्यायचे. मग छोटी फूक, दोन बोटांत फुग्याचं तोंड चिमटायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा छोटी फूक. एका दमात ते कधी फुगवत नसत. लहानपणी मला वाटायचं की सगळं जग फुगे असेच फुगवतं.

तरुणपणी त्यांना छातीचा मोठा आजार होऊन गेला होता. गोळ्या पूर्ण घेतल्या, बरे झाले, तो विषय संपला असं घरात सगळ्यांना वाटत होतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात मात्र त्यांना दम लागायला लागला. देवळापासून स्टँडपर्यंत चालताना ते मधेच कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि दुकानातलं काहीतरी बघत असल्यासारखं करायचे. शेवटी मी त्यांना नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं एका खोलीत एक यंत्र होतं. नळीतून फुंकायचं आणि यंत्र पडद्यावर रेघ काढायचं. यंत्र चालवणारा मुलगा माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. तो म्हणाला, "काका, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात सोडा. जोरात, अगदी शेवटपर्यंत."

अण्णांनी मान हलवली. नळी तोंडात घेतली, गाल फुगवून छोटी फूक मारली, आणि नळी दोन बोटांनी चिमटून धरली.

"काका, नळी काहून चिमटता?"

"न्हाई चिमटली तर हवा वापस येती नं साहेब."

"इथं नाही येत. तुम्ही सोडून द्या."

"सोडून देऊ?"

"हां, सगळी सोडून द्या. जाऊ द्या."

पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा छोटी फूक, पुन्हा बोटं नळीवर. हात आपोआपच जात होता. तो मुलगा हसला, पण वाईट हसला नाही. मी अण्णांचा हात माझ्या हातात धरून ठेवला, तेव्हा कुठं यंत्राला रेघ मिळाली. ती रेघ थोडी वर गेली आणि लगेच खाली आली.

डॉक्टर बाईंनी रेघ बघितली. म्हणाल्या, जुन्या आजारानं फुप्फुसं आखडली आहेत. औषधानं आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "आणि काका, एक व्यायाम करायचा. बाजारातून एक फुगा आणा आणि रोज सकाळी फुगवा."

अण्णा आधी माझ्याकडे बघत राहिले, मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकला थांबेना. बाईंना वाटलं काही चुकलं. मी म्हणाले, "मॅडम, आमचा फुग्याचाच धंदा आहे."

परतताना वारंगा फाट्यावर गाडी थांबली. आम्ही खिचडी घेतली. अण्णांनी अर्धी खाल्ली आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "शिवरातीपस्तोर दम आला पायजे. भवानी मीच फुगवीन."

"पंप आहे ना अण्णा."

"पंप हाय. पण भवानी मीच फुगवीन."

त्या दिवसापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं की महाशिवरात्रीकडे बघायचं ते कशासाठी.

मी हिंगोलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. शाळा मराठीतून आणि कॉलेज इंग्रजीतून, त्यामुळे मी एक सवय लावून घेतली होती. सर जे सांगतील ते घरी येऊन आधी मराठीत करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. त्या हिवाळ्यात उष्मागतिकी चालू होती. मी ओट्यावर बसून म्हणत होते, "प्रसरण पावणाऱ्या वायूने केलेले कार्य. प्रसरण पावणाऱ्या वायूने केलेले कार्य..."

माय आतून म्हणाली, "कोणाकडं कार्य हाय गं?"

आमच्याकडे कार्य म्हणजे लग्न, नाहीतर तेरवी. तिसरा अर्थ नाही.

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "हवेच्या घरी कार्य हाय, म्हणून राहिली पोरगी."

"मंग जेवाया कदी जायचं?"

"हवेच्या घरी काय जेवशीन? हवाच खाशीन."

मला हसूही आलं आणि समजावून सांगावंसंही वाटलं. मी सांगितलं की कार्य म्हणजे काम. वायू पसरतो तेव्हा तो समोरच्या कशाला तरी ढकलतो, आणि ढकलणं म्हणजे काम करणं. दाब किती आणि जागा किती वाढली यांचा गुणाकार केला की किती काम झालं ते कळतं. पण दाब सारखा बदलत असेल तर सरळ गुणाकार होत नाही. मग आलेख काढायचा, खाली आकारमान, उभा दाब, आणि रेघेखालचे चौकोन मोजायचे. जेवढे चौकोन तेवढं कार्य.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मंग फुग्याचं मोजता येईन का?"

मला ते सुचलं नव्हतं. आम्हाला प्रत्येकानं काहीतरी स्वतः मोजून प्रकल्प करायचा होता आणि माझा विषय ठरत नव्हता. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी सरांच्या टेबलापाशी बराच वेळ उभी राहिले. सर म्हणाले, "बोल की." मी फुग्याचं सांगितलं. सर म्हणाले, "चालेल. दाब कशानं मोजशील?" त्यांनीच कागदावर यू आकाराची नळी काढून दाखवली. नळीत पाणी, एक बाजू फुग्याला जोडलेली. फुग्यात जितका दाब तितकं दुसऱ्या बाजूचं पाणी वर चढणार. बाहेरच्या हवेचा दाब दोन्हीकडं सारखाच, म्हणून तो सोडून द्यायचा आणि नुसतं रबर ताणायला लागलेलं कार्य काढायचं, असं ठरलं.

नळी आमच्याकडं होती, दवाखान्यातून आलेली सलाईनची. नळीला तीन तोंडं पाहिजेत, एक फुग्याला, एक पाण्याला, एक फुंकायला. त्यासाठी चुलत्याच्या हळदीच्या वावरातून ठिबकचा एक जुना टी-जोड आणला. पाणी दिसावं म्हणून त्यात कपड्यांची नीळ टाकली. अण्णांनी नळी फळीला खिळे मारून नीट बसवली. कितीतरी दिवसांनी ते असे कशात तरी गुंतले होते. माय दोनदा म्हणाली, "चहा गार होऊन राहिला."

सगळं तयार झाल्यावर मी फूक मारली. फुगा हलला नाही, पण निळं पाणी नळीच्या उघड्या तोंडातून उडालं आणि भिंतीवर जाऊन आदळलं.

"अगं माझी भिंत!" माय ओरडली.

अण्णा गुडघ्यावर हात मारून हसत होते. "ताणून न्हाई घेतला! फुगेवाल्याची पोरगी हायेस आन् फुगा ताणून न्हाई घेतला!" हसू ओसरल्यावर म्हणाले, "बाई, पहिली फूकच जड आसती. रबर ऐकतच न्हाई. एकदा का त्यानं हार मानली की मंग सोपं."

आम्ही नळी लांब केली. फुगा मी ताणून घेतला. मी फुंकायची, अण्णा फुग्याभोवती शिंप्याची टेप धरायचे, माय पाणी कुठवर चढलं ते वाचायची. तिला आकडे येतात, पण ती "चार बोटं वर", "आता उतरलं बाई" असं सांगायची आणि मी फळीवर बघून घ्यायची. आलेख काढला तर अण्णा म्हणाले होते तसाच आला. रेघ सुरुवातीला कड्यासारखी उभी चढली, लिंबाएवढ्या फुग्यापाशी टोकाला पोचली, आणि मग उतरून लांबपर्यंत सपाट पडून राहिली.

चौकोन मोजून मी उत्तर काढलं. अण्णांनी विचारलं, "किती काम निघालं?"

ज्यूल हे कार्याचं एकक, ते त्यांना कसं सांगणार? मी हिशोब करून म्हणाले, "एक किलो साखरेची पिशवी जमिनीवरून उचलून कमरेपर्यंत आणायची, तेवढं."

"बस?"

"हो."

ते मायकडे वळले. "ऐकलं का? जलमभर नुसती साखरच उचलली."

"मंग घरात काहून दिसली न्हाई?" माय म्हणाली.

दोघं हसली. मी पण हसले. पण अण्णा नंतर बराच वेळ कोपऱ्यातल्या फुग्याकडे बघत होते, आणि मला कळलं की त्यांना काय वाटतंय. एक किलो साखर. तेवढीही आता उचलत नाही.

मी सरांना हे विचारलं. नक्की काय विचारायचं ते मला नीट मांडता आलं नाही. म्हणाले, "सर, एखादा माणूस आजारी असेल, त्याला फुगा फुगवायला खूप त्रास होत असेल, तरी उत्तर एवढंच येतं का?" सर म्हणाले, "हे रबरावर झालेलं कार्य आहे. फुगवणाऱ्याला किती करावं लागलं, ते या चौकोनांत येत नाही."

घरी येऊन मी ते अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बराबर हाय." एवढंच.

मग त्यांनी माझं यंत्र आपल्या व्यायामाला घेतलं. फळीवर एक जागा होती, तिथपर्यंत पाणी चढलं की रबर हार मानायचं आणि फुगा उघडायचा. तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. रोज सकाळी अण्णा ओट्यावर उन्हाला बसायचे, नळी तोंडात घ्यायचे आणि पाण्याकडे बघत फुंकायचे. पाणी चढायचं, रेघेच्या खाली थरथरायचं, आणि खोकला आला की झर्रकन खाली यायचं. मी कॉलेजला निघताना ते विचारायचे, "किती ऱ्हायलं?" मी म्हणायची, "थोडंच." खरंच थोडं असायचं. पण ते थोडं कमी होत नव्हतं.

शिवरात्र जवळ आली तेव्हा एका सकाळी मी वेणी घालत होते. बाहेरून मायची हाक आली, "अगं, चढलं गं! रेघंवर चढलं!" मी धावत गेले तोवर पाणी खाली आलं होतं. अण्णा डोळे मिटून, भिंतीला टेकून श्वास गोळा करत होते. बोलता येत नव्हतं, पण त्यांनी दोन बोटं उचलून चिमटा करून दाखवला.

महाशिवरात्रीला आम्ही त्यांना चुलत्याच्या ऑटोतून औंढ्याला नेलं. माय नको म्हणत होती. ते म्हणाले, "तिथं नुसता बसून ऱ्हाईन." नेहमीच्या जागेवर पोतं अंथरलं. बांगड्यावाल्यानं आपली खुर्ची त्यांना दिली. आज त्यानं चिडवलं नाही, नुसतं "बसा अण्णा" म्हणाला, आणि तेच मला लागलं.

सकाळची गर्दी सुरू झाली होती. एक बाई कडेवर मुलगी घेऊन आमच्यासमोर थांबली. मुलीनं लाल फुग्याकडे बोट केलं. तो काठीवरचा, पंपाचा होता. अण्णांनी हात वर केला. "थांब माय. तुला ताजा देतो."

त्यांनी पिशवीतून लाल फुगा काढला. ताणला, पुन्हा ताणला. तोंडाला लावला. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. फुगा हलेना. मायनं तोंडावर पदर धरला. मग रबरानं एकदम हार मानली आणि फुगा उघडला. लिंबाएवढा झाला. अण्णांची दोन बोटं लगेच फुग्याच्या तोंडावर चिमटली.

पुढची फूक आलीच नाही. ते श्वास आत ओढत होते आणि तो पुरेसा आत जात नव्हता. कपाळावर घाम आला होता. ती बाई घाबरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काका, तो वरचाच द्या." अण्णांनी मान हलवली, नाही. बोटं सुटली नव्हती. त्यांनी तो लिंबाएवढा फुगा तसाच चिमटीत धरून माझ्यासमोर केला.

"धर," ते म्हणाले. "सोडू नको."

मी त्यांच्या बोटांखाली माझी बोटं घातली. त्यांनी त्यांची काढली. हवा जरासुद्धा गेली नाही. मग मी तोंड लावलं आणि फुंकलं, आणि मला आश्चर्य वाटलं इतका तो सहज भरत गेला. मोठा झाला, गोल झाला. मायनं दोरा बांधला. मुलीनं तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि त्या दोघी गर्दीत देवळाकडे गेल्या. लाल ठिपका थोडा वेळ माणसांच्या डोक्यांवर दिसत राहिला.

"झाली भवानी," अण्णा म्हणाले.

पुढं त्यांनी यंत्राला हात लावला नाही. मीही करा म्हणाले नाही. उन्हं तापायला लागली तेव्हा नांदेडला परत नेलं. तिथंच ते गेले; घरी आले ते बोलायचे नव्हते.

नातेवाईक यायला लागले. ओट्यावर बसून माणसं एकमेकांना विचारायची, "कार्य कवा हाय?" मी आत चहा करत असायची, आणि तो शब्द कानावर आला की क्षणभर मला खरंच वही आठवायची, मग लक्षात यायचं. तेरवीला चुलत्यानं सगळं केलं. जेवून जाताना लोक मायला सांगत होते, "कार्य चांगलं झालं, काही कमी पडलं न्हाई." ती मान हलवायची.

प्रात्यक्षिक परीक्षा त्यानंतर लगेच होती. मी जाणार नव्हते. मायच म्हणाली, "जाय. त्यायनं फळीला खिळे ठोकले ते काय घरात ठेवाया?"

बाहेरगावच्या परीक्षक बाई होत्या. त्यांनी फळी, नळी, टी-जोड बघितलं, आणि मग आलेख. त्यांचं बोट चढाच्या टोकावर थांबलं. "इथं दाब सगळ्यात जास्त आहे. मग इथं कार्य किती?"

"कमी, मॅडम."

"का?"

"दाब जास्त आहे, पण आकारमान वाढलेलंच नाही. रेघ उभी आहे, तिच्याखाली जागा नाही."

"मग कार्य कुठं झालंय?"

मी सपाट भागावर बोट ठेवलं. "इथं."

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि खूण करून कागद परत दिला.

बाहेर कडुनिंबाखाली बसून मी तो कागद पुन्हा बघितला. लिंबापर्यंतचे चौकोन, त्या उभ्या चढाखालचे, बोटांवर मोजता येतील एवढे. तेवढे अण्णांचे. तिथून पुढचे सगळे, ओळीच्या ओळी, लांबपर्यंत सपाट आणि सोपे, ते माझे. गणित हेच सांगत होतं, आणि गणित चुकलेलं नव्हतं.

घरी आले तेव्हा माय अंगणात दोऱ्याचा गुंता सोडवत बसली होती. येत्या सोमवारी ती औंढ्याला जाणार होती, पहिल्यांदाच एकटी. तिनं वर बघितलं.

"झालं का गं तुझं हवेचं कार्य?"

"झालं," मी म्हणाले, आणि तिच्याजवळ बसून दोऱ्याचं दुसरं टोक धरलं.